म्हातारं कुत्रं काहीच खात नाही, बळजबरीनं भरवावं का?

धुऱ्यावरचा
नमस्कार मंडळी. मंगरूळपीरच्या बाजूला आमचं गाव. भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा आहे, वय 13-14 असेल. सोयाबीन निघेपर्यंत वावरात होता. रोही (नीलगायी) हाकलणं त्याला जमत नव्हतं, पण भुंकून आम्हाला उठवायचं काम इमानदारीनं करायचा. दिवाळीनंतर जो बसला तो बसलाच. आधी भाकर सोडली, मग दूधभात. आता मटणाचा तुकडा समोर धरला तरी उठून येतो, हुंगतो, ओठ चाटतो आणि तोंड फिरवून घेतो. पाणी मात्र भरपूर पितो, कधी कधी पिऊन उलटी करतो. पाठीचे मणके मोजता येतात.

बायको म्हणते सिरिंजनं पेज घाला. बाबा म्हणतात त्याचं त्याला कळतं, मुक्या जिवाला तरास देऊ नका. गावात गुरांसाठी येतात ते गृहस्थ "म्हातारपण हाये" म्हणून टॉनिकचं इंजेक्शन टोचून गेले, काही फरक नाही. प्रश्न एवढाच की भरवावं का, आणि भरवायचं तर काय?

ठेचा_भाकर
राजेहो, आमच्या वाघ्याले असंच झालतं. ज्वारीच्या कण्या गिच्च शिजवल्या, त्यात ताक अन् गावरानी तुपाचा गोळा. दोन घास खाल्ले त्यानं. मंग कानातले गोचीड काढले, दवाखान्यातून गोळ्या आनल्या, पंधरवड्यात पठ्ठ्या पुन्हा पोट्ट्यांच्या मांगं धावू लागला. कोंबडीचं पानी बी द्या. फक्त कांदा-लसूण टाकू नोका, ते कुत्र्याले चालत नाई म्हनते पोरगी माही.

शमिका_के
मुलगी बरोबर सांगतेय. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नका. मनुका आणि द्राक्षंही नकोत. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी किडनीचं, लिव्हरचं असं वेगवेगळं तयार खाणं मिळतं. ऑनलाइन मागवा ना. आमच्या लॅब्रॅडॉरला शेवटच्या वर्षात तेच चालू होतं.

कापूसकोंड्या
ताई, आमच्याकडे कुरिअरवाला गावात येत नाही. तालुक्याच्या चौकात उभा राहून फोन करतो, "भाऊ, घेऊन जा." तिथवर जाऊन पिशवी आणली आणि भुऱ्यानं हुंगून तोंड फिरवलं, तर ती धुऱ्यावरचा भाऊ खाईन का?

जुना_डॉक्टर
पशुसंवर्धन खात्यात माझी सगळी नोकरी वाशीम-बुलढाणा पट्ट्यात गेली. आता निवृत्त आहे.

धुऱ्यावरचा, भरवण्याचं जरा बाजूला ठेवा. तुम्ही बोलता बोलता फार महत्त्वाचं लिहून गेलात. उठून येतो, हुंगतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो. ज्याला भूकच नाही ते जनावर अन्नाकडे येतच नाही. जे येतं आणि मागं सरतं, त्याला बहुतेक वेळा मळमळत असतं नाहीतर तोंडात दुखत असतं. त्यात भरपूर पाणी, उलटी आणि उतरलेलं अंग जोडलं की म्हाताऱ्या कुत्र्यात माझा पहिला संशय किडनीवर जातो. साखरेचा आजारही असू शकतो, लिव्हरही असू शकतं. मादी असती आणि पिशवी काढलेली नसती तर गर्भाशयात पू झालाय का, हे आधी विचारलं असतं. त्यात वाट पाहायला वेळ नसतो.

आता घरी एवढं बघा. ओठ वर करून हिरडी गुलाबी आहे, पांढुरकी आहे की पिवळसर. बोटानं दाबून सोडली की रंग 2 सेकंदांच्या आत परत यायला हवा. तोंडाला गोठ्यातल्या मुताच्या नालीसारखा उग्र वास येतो का? जिभेच्या कडेला, गालाच्या आतून व्रण आहेत का? सुटलेली दाढ? कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड? थर्मामीटर लावता आलं तर गुदद्वारातून लावा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, ते पाहून घाबरू नका. झोपेत श्वास मिनिटाला 30 च्या वर जातो का, तेही मोजा.

आणि हे सगळं तोंडाला हात लावायच्या आधी: रेबीजची लस झालेली आहे का? मधल्या काळात पिसाळलेलं कुत्रं, कोल्हं, मुंगूस असं काही चावलं होतं का? लाळ गळतेय, गिळता येत नाही, भुंकणं घोगरं झालंय, यातलं काही असेल तर तोंड उघडू नका, भरवू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. घशात हाड अडकलंय असं समजून रेबीज झालेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घातलेली माणसं मी पाहिली आहेत.

धुऱ्यावरचा
डॉक्टरसाहेब, लस दरवर्षी शिबिरात टोचतो, याही वर्षी झाली. चावाचावी काही नाही. पाणी नीट गिळतो, लाळ गळत नाही. हिरड्या पांढऱ्याफटक. वास म्हणाल तर तुम्ही लिहिला तसाच, बायको कधीची सांगत होती. जिभेच्या एका कडेला करडा चट्टा आहे. गोचीड काढले थोडे. ताप नाही.

रोखठोक
राग मानू नका, पण सोयाबीनच्या भावाचं आपण इथंच दुसऱ्या धाग्यावर रडतोय. त्यात 14 वर्षांच्या गावठी कुत्र्यावर खर्च? खेड्यात कुत्रं म्हातारं झालं की आपसूक कुठं तरी जाऊन पडतं. निसर्गाचा नियम आहे.

पैनगंगा
रोखठोक, तुमच्या वावरात रानडुकरं येतात का हो? आमच्याकडे उमरखेडला एका रात्रीत भुईमुगाचा पट्टा उलटापालटा करतात. कुंपणात वीज सोडणाऱ्या झटका मशीनचा खर्च, जागलीला माणूस लावला तर त्याची रोजी, हे सगळं धरा आणि इतकी वर्षं भाकरीच्या तुकड्यावर राबणाऱ्याचा हिशोब तुम्हीच मांडा. बैल थकला म्हणून पोळ्याला आपण त्याला दारातून हाकलत नाही.

रोखठोक
बैल थकला की बाजारात जायचा हो पैनगंगाताई, कायदा यायच्या आधी. उगाच गोड बोलू नका.

पैनगंगा
सगळ्यांचा नाही जायचा.

कापूसकोंड्या
धागा बैलांवर गेला. आता गोवंशावर जाईन, मंग राजकारणावर, मंग कुलूप लागेल. भुऱ्याकडे या बाप्पा.

निशाचर
ब्रह्मपुरीकडून एक सूचना. रात्री ओसरीत ठेवू नका, आत घ्या. आमच्या भागात बिबट गावात शिरतो तो मुख्यतः कुत्र्यांसाठीच, आणि पळू न शकणारं कुत्रं त्याला आयतंच. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो याचसाठी. तुमच्याकडे बिबट नसेलही, पण गावातली बाकीची कुत्री आजाऱ्यावर तुटून पडतात, हे सगळीकडे सारखं.

दुसरं म्हणजे दुखत असेल म्हणून माणसांची गोळी देऊ नका. आमच्या शेजाऱ्यांनी लंगडणाऱ्या कुत्र्याला मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून दिली, काळी हगवण लागून गेला बिचारा.

जुना_डॉक्टर
निशाचर यांच्या दोन्ही मुद्द्यांना पूर्ण अनुमोदन. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही अंगदुखीची औषधं कुत्र्याच्या पोटात जखमा करतात आणि किडनीचा रक्तपुरवठा तोडतात. किडनी आधीच थकली असेल तर एकदोन गोळ्यांतही खेळ संपतो. पॅरासिटामॉलही मनानं देऊ नये.

अवांतर होईल, पण डायक्लोफिनॅकचा विषय निघालाच आहे. आपल्या लहानपणी गावाबाहेरच्या ढोरफोडीवर गिधाडांचे थवे उतरायचे. डायक्लोफिनॅक दिलेलं ढोर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं, त्यांच्या किडन्या गेल्या, थवेच्या थवे संपले. म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचणं चालूच राहिलं, म्हणून 2015 मध्ये त्या बाटल्याही बंद केल्या. गिधाडं गेली तशी मेलेल्या ढोरांवर मोकाट कुत्री वाढली.

धुऱ्यावरचा, तुमचं उत्तर वाचून संशय पक्का होत चाललाय. रक्त तपासा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्त काढून घ्या. क्रिएटिनिन आणि युरिया (किडनी थकली की रक्तात साचणारा कचरा) माणसांच्या लॅबमध्येही होतं, फक्त बाटलीवर कुत्र्याचं रक्त असं स्पष्ट लिहायला सांगा. पेशींची मोजणी मात्र तिथली धरू नका, ते यंत्र माणसाच्या पेशींच्या आकाराला लावलेलं असतं. गोचिडताप पाहायचा तर कानाच्या टोकाच्या रक्ताची काच (स्लाइड) करून घ्या. जमलं तर सरळ अकोल्याला न्या. विद्यापीठाची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था तिथं आहे, तिचा दवाखाना शिकवण्यासाठी चालतो, कुत्री रोज येतात. नेणं अशक्य असेल तर 1962 ला फोन करून फिरत्या पथकाचं विचारा.

ठेचा_भाकर, तुमचा वाघ्या कण्यांनी नाही, गोळ्यांनी बरा झाला. गोचिडतापात योग्य औषध वेळेवर पडलं की कुत्रं असंच दोन-तीन दिवसांत खायला लागतं. आणि तुपाचा गोळा आजारी कुत्र्याला नको, एकदम जास्त चरबीनं स्वादुपिंड सुजतं.

ठेचा_भाकर
घ्या. म्हंजे तुपाचं श्रेय बी गेलं अन् तूप बी गेलं 😀

मेळघाट_मैना
धारणीला शिक्षिका आहे. आमच्या राणीला किडनीचाच आजार होता, म्हणून लिहिते. डॉक्टरांनी आधी उलटी थांबवायचं औषध दिलं आणि खाण्याचं नंतर बघू म्हणाले. तेव्हा मला राग आला होता, कारण ती उपाशी आहे हेच मला दिसत होतं. मळमळ थांबल्यावर ती आपण होऊन चाटायला लागली.

सलाइनही घरीच द्यायला शिकवलं. शिरेतून नाही, खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊन करायची आणि खिळ्याला टांगायची. तिथं लिंबाएवढा फुगवटा येतो, तो हळूहळू जिरतो. किती द्यायचं ते वजन आणि हृदय तपासून डॉक्टरच ठरवतील. हृदय कमजोर असेल तर पाणी छातीत साचतं, म्हणून यूट्यूबवर बघून करू नका. सुई दर वेळी नवी.

पडून असलेल्या कुत्र्याची कूस चार-पाच तासांनी बदला. खाली बारदाना एकटा पुरत नाही, जुनी गोधडी घाला. ओली झाली की लगेच काढा. ढुंगणाकडचे केस कापून टाका. माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही, आणि ते शेपटीखाली किंवा कानात असतात, वरून दिसत नाहीत. रोज टॉर्च घेऊन बघा. आमच्याकडे हे काम वर्गातल्या पोरांनी वाटून घेतलं होतं, गृहपाठापेक्षा मन लावून करायची.

धुऱ्यावरचा
उशिरा लिहितोय, तुरीवर फवारणी चालू होती. अकोल्याला नेलं. पुतण्याच्या मालवाहू ऑटोत गादी टाकली आणि बाबा मागे त्याच्याजवळ बसले, ऐकलंच नाही त्यांनी. क्रिएटिनिन 6.2 आलं. गोचिडताप निघाला नाही. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान झाल्यात म्हणाले. उलटीचं इंजेक्शन, सलाइन, रक्तवाढीचं औषध, तोंडाच्या जखमांना लावायला एक द्रावण. डॉक्टर चांगले बोलले, पण बरा होईल असं नाही म्हणाले.

शमिका_के
वाईट वाटलं. 6.2 म्हणजे किती जास्त, डॉक्टर?

जुना_डॉक्टर
जगभरचे पशुवैद्य किडनीच्या जुन्या आजाराच्या चार पायऱ्या धरतात. कुत्र्यात क्रिएटिनिन 1.4 च्या खाली ती पहिली, 2.8 पर्यंत दुसरी, 5 पर्यंत तिसरी, 5 च्या वर चौथी. आकडा सलाइननंतर पुन्हा पाहायचा असतो, अंगातलं पाणी कमी असलं की तो फुगून दिसतो. पण किडन्या आकसलेल्या आहेत म्हणजे आजार जुना आहे. गेलेली किडनी परत येत नाही. मळमळ, तहान, तोंडातली आग हे मात्र कमी करता येतं, आणि भुऱ्यासाठी आता तेवढंच काम आहे.

पांढऱ्या हिरड्यांचं कारणही तेच. रक्त बनवायचा इशारा किडनीतून जातो. तो थांबला की नुसत्या लोहाच्या टॉनिकनं भागत नाही.

शमिका_के
मग मी अप्रिय वाटेल ते विचारते. झोपवण्याचा विचार केलाय का? आमच्याकडे शेवटी तेच केलं आणि आधी का नाही केलं असं घरात सगळ्यांना वाटलं.

ठेचा_भाकर
नाई पटत. गाडगेबाबाच्या मुलखातले आपन. ज्यानं देवापुढचं बकरं कापू देल्लं नाई, त्याच्या लोकानं घरच्या कुत्र्याले सुई देऊन मारावं? जाईन तवा जाईन तो.

पैनगंगा
भाऊ, गाडगेबाबांनी नवसाचं बकरं वाचवलं. त्याचं दुखणं लांबवा, असं कुठं सांगितलं? बाबा आजाऱ्यांसाठी धर्मशाळा बांधत होते.

रोखठोक
मी आधी बोललो त्यावर शिव्या खाल्ल्या. पण आता सांगतो, खेड्यात 'आपलं आपण जाऊ द्या' म्हणजे काय होतं ते मी पाहिलंय. कुत्रं नाल्याकाठी पडतं, आठ दिवस मरत नाही, पोट्टे दगड मारतात. मी निसर्गाचा नियम म्हणालो तो हाच. तो काही छान नाही. करायचं असेल तर डॉक्टरकडूनच करा, विष कालवून नको.

निशाचर
रोखठोकशी पहिल्यांदाच सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

जुना_डॉक्टर
दोन्ही बाजूंचं ऐकलं. हे कसं होतं ते न सांगता वाद चालतो म्हणून सांगतो. आधी गुंगीचं इंजेक्शन, कुत्रं झोपतं. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. शुद्ध आधी जाते, श्वास आणि हृदय नंतर थांबतं. नीट केलं तर त्याला सुईच्या पहिल्या टोचणीपलीकडे काही कळत नाही. विष घालणं हा निव्वळ छळ आहे.

आणि तसं केलंत तर देह खोल पुरा, वर दगड ठेवा. ते औषध मांसात राहतं, उकरून खाणारं कोल्हं, घार, दुसरं कुत्रं त्यानं मरतं. वर गिधाडांचं लिहिलं ते उगाच नव्हतं.

कधी करायचं हे मात्र आम्ही इथून ठरवू शकत नाही. मी घरच्यांना एक साधं काम सांगत असे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज खूण करा. त्या दिवशी त्यानं मान उचलून ओळख दाखवली, काही चाटलं, स्वतःच्या घाणीत पडून राहिला नाही, तर बरा दिवस. नाहीतर वाईट. घरातल्या दोघांनी वेगवेगळी खूण करा, बोलून नाही. वाईट दिवस सलग पडायला लागले की घरातलं भांडण आपोआप मिटतं, असा माझा अनुभव आहे.

मेळघाट_मैना
मूळ प्रश्न राहूनच गेला. सिरिंजनं भरवायचं का?

जुना_डॉक्टर
खरंय. तर, मळमळ चालू असताना नाही. भरवलेलं उलटून येतं आणि त्या पदार्थाचा वासच नकोसा होतो, मग पुढं तो आपण होऊनही खात नाही. आडवा पडलेला असताना तर कधीच नाही, पेज श्वासनळीत जाते आणि न्यूमोनिया होतो. किडनीच्या आधी तोच नेतो.

मळमळ आटोक्यात असेल, बसता येत असेल, गिळता येत असेल, तर गालाच्या बाजूनं, दातांच्या मागच्या फटीतून, थोडं थोडं. मान वर करून ओतायचं नाही. प्रत्येक घोट गिळू द्या. तोंड फिरवलं की थांबा. पोट भरायला नाही, चव लागावी म्हणून. पुढं आपण होऊन चाटला तर सिरिंज ठेवून द्या.

काय द्यायचं? मऊ भात आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. पिवळा बलक, कलेजी, हाडं यांत फॉस्फरस जास्त, ते किडनीला जड. बिनमिठाचं, बिनकांद्याचं कोंबडीचं पाणी वर घाला, कोमट करून, वास सुटला पाहिजे. ताटली जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा, मान खाली घालायला त्रास होतो. समोर ठेवून पंधराएक मिनिटांत उचला, दिवसभर नाकासमोर अन्न नको. पण चौथ्या पायरीला पथ्याचा फार बाऊ करू नका. त्यानं भाकरीचा तुकडा मागितला तर द्या. भूक वाढवायची मिर्टाझापीनसारखी औषधं आहेत, तीही डॉक्टरांना विचारून, मळमळ थांबल्यावर.

धुऱ्यावरचा
सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, वाचलं मात्र सगळं. बाबांनाही वाचून दाखवलं, बैलांचं सोडून.

उलटी थांबलीय. काल अंड्याचं पांढरं आणि भात थोडा खाल्ला, आज सकाळी नाही खाल्ला, संध्याकाळी पाणी पिऊन बायकोच्या हातावरचं चाटलं. सिरिंज ठेवून दिली. सलाइन माझा पुतण्या देतो, त्याचा हात हलका आहे. कालनिर्णयवर बाबा वेगळी आणि बायको वेगळी खूण करतात. बाबांच्या खुणा जास्त बऱ्या निघतात, तो त्यांच्याकडे बघून शेपूट हलवतो म्हणून.

इंजेक्शनला बाबा आधी नाहीच म्हणाले. मग काल स्वतःच म्हणाले, उठवून पाणी पाजावं लागलं आणि तेही गिळलं नाही, तर डॉक्टरला बोलाव, पण वावरात, टेबलावर नाही. पाहू. तालुक्याच्या डॉक्टरांना विचारून ठेवलंय, यायला तयार आहेत.

ठेचा_भाकर
बाबाले नमस्कार सांगा. त्यायनं ठरवलं तं मंग माहं काई म्हननं नाई.

कापूसकोंड्या
गादी लागली तर सांगजो, आमच्याकडे कापूस पडून हाये. भाव नाई तं कुत्र्याच्या तरी कामी येईन.

शुभांगी_तळेगाव
इथंच विचारते. आमची मांजर दोन दिवसांपासून खात नाही, अंग गरम लागतं. घरात लहान मुलांचं तापाचं पातळ औषध आहे, थेंबभर देऊ का?

जुना_डॉक्टर
अजिबात नाही! पॅरासिटामॉल मांजराला थोडंसुद्धा जिवावर बेततं. मांजरानं दोन दिवस खाल्लं नाही तर लिव्हर बिघडायला सुरुवात होते, कुत्र्यासारखी वाट पाहू नका, उद्या सकाळीच दवाखाना. आणि नवा धागा काढा, म्हणजे उत्तरं सापडतील.